समोर काय टांगलं होतंस?

(प्लेटिंगचं छोटं वर्कशॉप. शनिवारची दुपार, यंत्रं बंद. बाबा स्टुलावर बसलेले, लेक उभी. मधल्या टेबलावर तारेच्या जाळीचे दोन चौकोनी तुकडे.)

ठकू: तेच विचारतेय ना बाबा, या खेपेला तुम्ही नेमकं काय बदललंत?

बाबा: तिसऱ्यांदा सांगतो, काही नाही.

ठकू: आठवून बघा. क्षार दुसऱ्या दुकानातून आणलेत? पाणी कुठलं होतं?

बाबा: क्षार त्याच डब्यातले, पाणी त्याच पिंपातलं, टाकी तीच आणि हातही हाच. अडतीस वर्षं निकेल मारतोय मी. नळांना मारलं, सायकलच्या हँडलांना मारलं, दवाखान्याच्या ट्रेंना मारलं. एक गिऱ्हाईक कधी येऊन म्हणालं नाही की काल होतं तसं आज नाही. आणि आज माझ्याच पोटची पोर कोर्टातल्या वकिलासारखी पुढ्यात उभी.

ठकू: मी भांडायला आले नाहीये.

बाबा: मग बस की. उभ्यानं विचारलं की चौकशी वाटते.

ठकू: बसले. आता ऐका. ही जाळी पहिल्या खेपेची, तुम्ही मार्चमध्ये दिलेली. ही दुसऱ्या खेपेची, गेल्या महिन्यातली. दोन्हींवर तुमचाच लेप. निकेल आणि त्यात चिमूटभर मॉलिब्डेनम. दोन्ही मी पाण्यात सोडल्या, वीज दिली, पाणी फुटून हायड्रोजन सुटला. पहिल्या जाळीला त्यासाठी वरून साठ मिलीव्होल्ट लागतात.

बाबा: आकडा जितका कमी तितकं चांगलं. एवढं ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. साठ म्हणजे काम जवळपास प्लॅटिनमचं आणि किंमत लोखंडाची. तुझी आई तर दूधवाल्यालासुद्धा सांगते.

ठकू: दुसरीला एकशे ऐंशी लागतात.

बाबा: तिप्पट?

ठकू: तिप्पट. दहा दिवस चालवली. तसूभर हलली नाही. आणि लेख छापायला जाण्याआधी संपादकांना दुसऱ्या खेपेची मोजणी हवी आहे, सोमवारपर्यंत. गुरुवारी माझी मुलाखत आहे.

बाबा: कायम नोकरीची?

ठकू: हो. लेख नसेल तर त्या खोलीत जाऊन मी काय बोलणार?

बाबा: मग तुझे सर काय म्हणतात?

ठकू: सर म्हणतात, तक्त्याखाली एक ओळ टाकू.

बाबा: कुठली ओळ?

ठकू: रागावू नका हं.

बाबा: तू वाच, मग बघू रागवायचं का.

ठकू: 'दुसऱ्या खेपेतील लेप सदोष असल्यामुळे ती मोजणी धरलेली नाही.'

बाबा: सदोष.

ठकू: नुसता शब्द आहे बाबा तो. असं लिहायची पद्धत असते.

बाबा: म्हणजे वर आभारांत माझं नाव आणि खाली माझा माल सदोष? एकाच कागदावर? ठकू, ती भिंतीवरची फ्रेम बघितलीस? तू छापायला पाठवलेल्या लेखाचं पहिलं पान. मला त्या इंग्रजीतलं काही कळत नाही. फक्त माझं नाव लावता येतं वाचायला. सकाळी वर्कशॉप उघडलं की आधी तिकडे बघतो, मग दिवा लावतो. अडतीस वर्षांत माझं नाव कशावर आलंय सांग? विजेच्या बिलावर!

ठकू: म्हणून तर विचारायला आले. ती ओळ लिहायला नको, म्हणूनच. काहीतरी वेगळं झालं असेल ते कळलं, तर तुम्ही परत मारून द्याल आणि—

बाबा: नाचता येईना, अंगण वाकडं. तुमच्याकडे काय बदललं ते विचारलंस कोणाला? का बिघडवणारा फक्त मी?

ठकू: आमच्याकडे सगळं तेच आहे. पाणी तेच, मीटर तेच, मोजणारी मीच. पण पहिली जाळी किती वेगळी वागत होती तुम्हाला माहिती नाही. रोज सुधारायची. मला सकाळी उठून धावत लॅबमध्ये जावंसं वाटायचं, आज किती खाली आली बघायला.

बाबा: सुधारायची म्हणजे काय?

ठकू: वापरून वापरून आणखी चांगली व्हायची. लेखाचं नावच ते आहे. 'वापरात सुधारत जाणारा स्वस्त लेप.'

बाबा: मला नाही सांगितलंस कधी.

ठकू: मी म्हटलं होतं ना, झकास चाललीय म्हणून!

बाबा: झकास चालणं वेगळं. ठकू, मी नळ चमकवून दिला की तो त्या दिवशी जेवढा चमकतो तेवढाच. मग हात लागतात, पाणी लागतं, झिजतो. वापरून चांगला झालेला माल मी जन्मात बघितला नाही.

ठकू: हे नळ नाहीत, बाबा.

बाबा: नसतील. पहिल्या जाळीचा पहिल्या दिवशी आकडा किती होता?

ठकू: वहीत बघावं लागेल. हे... मार्च... एकशे ब्याऐंशी.

बाबा: आणि नव्या जाळीचा, पहिल्या दिवशी?

ठकू: एकशे ऐंशी.

बाबा: परत सांग.

ठकू: एकशे ब्याऐंशी. एकशे ऐंशी.

बाबा: म्हणजे माझ्या हातून दोन्ही जाळ्या सारख्याच गेल्या. खोड तो सदोष.

ठकू: हो... हो, खरंच की. पण मग—

बाबा: मग पहिलीला पुढे झालं काय?

ठकू: आम्ही लिहिलंय की लेप वापरात खडबडीत होतो, म्हणून काम करायला जागा वाढते.

बाबा: लिहिलंय. पण बघितलंय का?

ठकू: नाही. तसा अंदाज आहे.

बाबा: समोर काय टांगलं होतंस?

ठकू: समोर कशाच्या?

बाबा: जाळीच्या. वीज एकट्या जाळीतून जाते का? ही माझी टाकी बघ. या दांडीवर जॉब, म्हणजे ज्याला निकेल मारायचं ती वस्तू, त्या दांडीवर निकेलची कांडी. वीज सोडली की कांडी झिजते आणि जॉबवर चढते. समोरची कांडी नसेल तर माझा धंदाच नाही. तुझ्या काचेच्या भांड्यातही समोर काहीतरी असणारच.

ठकू: तार होती. प्लॅटिनमची.

बाबा: आणि नव्या जाळीच्या वेळी?

ठकू: ग्राफाइटची कांडी. तार जूनमध्ये तुटली. सरांनी तुकडे कपाटात ठेवले, नवी मागवायची तर वर्ष जाईल. म्हणून ग्राफाइट लावलं. पण बाबा, समोर काय आहे यानं फरक पडत नाही, ते फक्त वीज पोचवायला असतं.

बाबा: तार तुटली कशानं?

ठकू: मधेच बारीक झाली होती.

बाबा: बारीक झाली म्हणजे? गेली कुठे?

ठकू: प्लॅटिनम विरघळत नाही. म्हणून तर सगळे तेच समोर लावतात. पहिल्या वर्षाला शिकवतात हे.

बाबा: मला कोणी शिकवलं नाही, म्हणून विचारतोय. जाड होती ती बारीक झाली. मग मधलं गेलं कुठे?

ठकू: थांबा.

बाबा: थांबलोय.

ठकू: नाही, थांबा, बोलू नका काही. जाळीचं वजन आम्ही आधी आणि नंतर करायचो. वाढलं होतं. एकोणीस मिलीग्रॅम. मी म्हटलं, पाण्यातले क्षार बसले असतील. धुऊन परत केलं तरी तेवढंच होतं. मी पुढे... मी पुढे बघितलंच नाही बाबा.

बाबा: आणि तारेचं वजन?

ठकू: तारेचं कोण कशाला करेल! थांबा, आहे. आहे वजन. प्लॅटिनम कपाटातून तोलून देतात, सही करून घ्यावी लागते. सर लॅबमध्येच असतील, फोन लावते. स्पीकरवर ठेवते.

सर: बोल ग. ओळ लिहिलीस का?

ठकू: सर, बाबा पण आहेत इथे. एक काम होतं. कपाटातली प्लॅटिनमची तार काढाल? दोन्ही तुकडे. आणि तोलाल?

सर: आत्ता? बरं. नमस्कार हो तुम्हाला. तुमच्या निकेलच्या जिवावर आमचा संसार चाललाय सध्या.

बाबा: नमस्कार. तोला आधी.

सर: तोलतो. असं बघ, मी तुला कारण विचारत नाही, पण काट्यापर्यंत चालता चालता मला थोडा थोडा अंदाज येतोय आणि तो मला आवडत नाहीये. चार ग्रॅम... सातशे एकोणनव्वद. दोन्ही मिळून.

ठकू: रजिस्टरला देताना किती लिहिलंय?

सर: चार ग्रॅम आठशे बारा.

ठकू: तेवीस कमी.

सर: तुटताना कण उडाला असेल एखादा.

ठकू: पहिल्या जाळीचं वजन एकोणीसनं वाढलं होतं, सर.

सर: थांब, आकडा परत बघतो.

ठकू: सर?

सर: आहे मी. तीस वर्षं मुलांना सांगत आलोय, समोर प्लॅटिनम लावा, ते बिचारं निमूट राहतं. हे सुचलं कोणाला, तुला?

ठकू: बाबांना.

सर: असं. त्यांनाच सुचणार ते, जन्मभर समोरची कांडी झिजताना बघितलीय त्यांनी. म्हणजे आपण प्लॅटिनमला पर्याय शोधला म्हणून नाचत होतो, आणि काम प्लॅटिनमच करत होतं.

ठकू: मग आता सोमवारी काय पाठवायचं?

सर: ऐक. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. त्याआधी दुसरी जागा निघणार नाही, आणि माझ्यानंतर तुझ्या बाजूनं बोलणारं त्या इमारतीत कोणी नाही. ती ओळ आहे तशी जाऊ दे. लेख छापला जाईल, गुरुवार पार पडेल. सहा महिन्यांनी आपण आपणहून दुरुस्ती पाठवू. लोक करतात असं.

ठकू: आपण कच्चा लेख नेटवर टाकला ना, तो वाचून दोन ठिकाणच्या मुलांनी आपल्या कृतीवर काम सुरू केलंय, सर. त्यांची पत्रं आलीत मला. एकानं तर विषय नोंदवलाय.

सर: माहिती आहे मला. पत्रं मीही वाचली. मी तुला अमुक कर असं सांगत नाहीये. मला ते शोभणारही नाही. संध्याकाळपर्यंत कळव. ठेवतो.

बाबा: माणूस वाईट नाही.

ठकू: नाही.

बाबा: घाबरलाय. तुझ्यासाठी.

ठकू: बोला ना काहीतरी, बाबा.

बाबा: काय बोलू? मला वाटतंय लेख राहावा. खोटं कशाला बोलू? माझं नाव छापून यावं, तुझ्या आईनं ते पदरात धरून चार घरी दाखवून यावं, असं फार वाटतंय मला. मघाशी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ठकू: तुम्ही नाही तर सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणीतरी विचारलं असतं.

बाबा: तोवर तू कायम झाली असतीस.

ठकू: हो.

बाबा: लिही.

ठकू: काय लिही?

बाबा: सदोष. लिहून टाक. वर्कशॉप बंदच होतंय, परवा टाक्या उपसायला माणसं येतायत. बंद दुकानाच्या अब्रूला कोण विचारतो? लिही, म्हाताऱ्याचा हात थरथरला. डॉक्टरांचा कागदसुद्धा आहे माझ्याकडे, छातीचा. हवा तर तोही जोड.

ठकू: मघाशी याच शब्दावरून अंगावर आला होतात माझ्या.

बाबा: मघाशी वाटलं तू चुकतेयस. आता कळलं, तू अडकलीयस. चुकलेल्याला ओरडायचं असतं. अडकलेल्याला काय ओरडणार?

ठकू: आठ वर्षं झाली बाबा. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, नवी सही, आणि मधला एक महिना लोकांना सांगायचं की सुट्टीवर आहे. माझ्या मागून आलेली मुलं कायम झाली. मला ती जागा हवी आहे. इतकी हवी आहे की सर बोलत होते तेव्हा मी मनातल्या मनात हो म्हणून मोकळी झाले होते.

बाबा: मग झालं तर.

ठकू: नाही ना झालं! मग तुम्ही 'लिही' म्हणालात.

बाबा: मग? बापच परवानगी देतोय.

ठकू: म्हणूनच नाही लिहिता येणार. सरांचं ऐकून लिहिलं असतं कदाचित. पण तुम्ही असे हात पुढे करून बसलात... हे बघा तुमचे हात. नखं हिरवी पडलीत, सालं निघालीत. या हातांवर मी खोटं टाकू? घरी येऊन याच हातांनी वाढलेलं जेवू?

बाबा: रडू नकोस. इथे रुमाल नाहीये, सगळी ॲसिडाची फडकी आहेत.

ठकू: मी नाही रडत. वाफ आहे.

बाबा: टाक्या चार दिवस बंद आहेत.

ठकू: असू दे.

बाबा: मग आता?

ठकू: आता संपादकांना लिहिते. इथेच बसून. घरी गेले तर आई चहा देईल, आणि चहा पिता पिता माझं मन बदलेल.

बाबा: लिही. मी गप्प बसतो.

ठकू: ...

बाबा: झालं?

ठकू: बसा ना गप्प.

बाबा: बसलो.

ठकू: झालं. वाचते. 'दोन्ही खेपांचा लेप एकसारखा आणि निर्दोष होता. चूक आमच्या मांडणीची होती. समोर लावलेल्या तारेतलं प्लॅटिनम विरघळून जाळीवर बसलं, त्यामुळे ती सुधारल्याचं आम्हाला वाटलं. लेख मागे घेत आहोत. हे ज्यांनी ओळखलं, ते प्लेटिंगचं काम करतात.'

बाबा: निर्दोष, असं लिहिलंस?

ठकू: पहिल्याच ओळीत.

बाबा: कोण वाचणार ते? लेख तर छापणार नाहीत.

ठकू: संपादक. एक माणूस.

बाबा: एक पुरे. आणि त्या दोन ठिकाणच्या पोरांना?

ठकू: त्यांनाही हेच पत्र. सरांना आधी पाठवते, लेखक म्हणून नावं आमची दोघांची आहेत. पाठवलं.

बाबा: काही म्हणाले?

ठकू: 'वाचलं. बरोबर आहे. खालून दुसऱ्या ओळीत स्वल्पविराम हवा.' एवढंच.

बाबा: म्हटलं ना, माणूस वाईट नाही. गुरुवारी जाशील?

ठकू: जाईन. विचारतील, आठ वर्षांत काय केलंत. सांगेन, एकशे ऐंशी.

बाबा: वाईट आहे का ग एकशे ऐंशी?

ठकू: वाईट नाही. पेपरात येण्यासारखं नाही. पण ते आपलं आहे, बाबा. त्यात कोणाचं प्लॅटिनम नाही.

बाबा: मॉलिब्डेनम आपण चिमूटभरच घातलं होतं. जास्त घातलं की लेप भुरभुरतो, म्हणून मी भीत होतो. पण वीज कमी ठेवली आणि सावकाश चढवलं, दोन तासांचं काम दिवसभर केलं, तर बसेल. मोठे जॉब मी तसेच करायचो. एकशे ऐंशीचे एकशे साठ तरी होतील?

ठकू: होतीलही. पण परवा टाक्या उपसायला माणसं येतायत ना?

बाबा: पंधरा दिवस थांबा म्हणून सांगतो. टाक्या काय पळून चालल्यात?

ठकू: आणि छाती? डॉक्टरांनी वाफेत उभं राहायचं नाही म्हणून बजावलंय. आईला कळलं तर माझं काही खरं नाही.

बाबा: मी कुठे उभा राहतोय? मी दाराशी स्टुलावर बसतो. टाकीपाशी तू उभी राहा. एवढी शिकलीस, जाळीला निकेल कसं मारतात ते तरी शिक. आणि समोर काय टांगायचं ते मला विचारल्याशिवाय टांगायचं नाही.

ठकू: नाही टांगणार. आईला कोण सांगणार हे सगळं?

बाबा: तू. दूधवाल्याला तिचं ती सांगेल.

ठकू: चला, कुलूप लावू?

बाबा: लाव. त्याआधी ती फ्रेम काढ. माझा हात पोचत नाही.

ठकू: आत्ताच कशाला? राहू दे आजचा दिवस.

बाबा: आत्ताच. सकाळी बघितली तर काढवणार नाही मला.

ठकू: ... काढली. खिळाही काढू का?

बाबा: खिळा असू दे.